वाकडी बैठक

गादीवाल्यांचा एक नियम होता. गिऱ्हाईक कसं बसतं, याची वाच्यता बाहेर करायची नाही. धंदाच तसा होता त्यांचा. घरातले सोफे, न्हाव्याची गोल फिरणारी खुर्ची, दाताच्या डॉक्टरची आडवी होणारी खुर्ची, बसच्या ड्रायव्हरचं सीट, सगळ्यांच्या गाद्या ते भरून द्यायचे. त्यामुळे अख्ख्या वस्तीची तोंडं जितकी ओळखीची नव्हती तितकी बुडं ओळखीची होती. कोण एका अंगावर भार टाकतं, कोण उठून पळायच्या बेतात टोकावर टेकतं, कोणत्या हेडमास्तरांना खुर्चीत डुलकी लागते, सगळं त्यांना ठाऊक. पण विचारलंत तर नुसते हसतील आणि तोंडातले खिळे या गालातून त्या गालात करतील.

माप घ्यायची पद्धत वडिलांकडून आलेली. टेप नंतर. आधी कॅनव्हासच्या पिशवीत ओलसर वाळू भरायची, ती फळीवर ठेवायची आणि माणसाला सांगायचं, "नेहमी बसता तसे बसा." माणूस उठला की वाळूत ठसा उरतो. त्या ठशावर हात फिरवायचा आणि ठसा जसा तशी बैठक घडवायची. वडील म्हणायचे, माणूस तोंडाने हवं तेवढं खोटं बोलेल, पण वाळूवर बसला की खरं तेच उमटतं.

तर असा हा मुकाट, गरीब स्वभावाचा माणूस सध्या आतून नुसता करपत होता. चुलीवर विसरलेल्या पातेल्यासारखा. आणि कारण काय, तर घरात एक नकाशा आला होता.

नकाशा आणला होता बोटवाल्याने. बोटवाला म्हणजे भिंगरीचा बाप. भिंगरी म्हणजे गादीवाल्यांच्या बायकोची मुलगी, पहिल्या लग्नाची. एका जागी म्हणून टिकत नाही, म्हणून भिंगरी. बोटवाला मालाच्या जहाजावर इंजिन सांभाळायचा. बाईचं आणि त्याचं मोठं भांडण वगैरे कधी झालं नाही. बोटीवर असला की त्याला घर आठवायचं नाही आणि घरी असला की बोटीखेरीज काही सुचायचं नाही, एवढंच. शेवटी बाई म्हणाली, जा बाबा कायमचा. मग काही काळाने एका खुर्चीच्या दुरुस्तीवरून गादीवाल्यांची ओळख झाली, आणि त्यांनी चाळिशीत पहिलं लग्न केलं. तेव्हा भिंगरी दुपट्यातून नुकती बाहेर पडली होती.

आता ती सात वर्षांची. तिला ताप आला की उशाशी बसणारे गादीवाले. सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडणारे गादीवाले. पडलेला दात उशीखालून काढून डबीत जपून ठेवणारे गादीवाले. आणि बोटवाला यायचा वर्षातून एकदा, सुट्टीवर, दाढी करून, सुगंध मारून, हातात आवाज करणारं खेळणं घेऊन. पण 'बाबा' तो. गादीवाले 'काका'. त्याच्याशी अरे-तुरे, यांच्याशी अहो-जाहो. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या याच!

"यंदा मला लांब सुट्टी आहे," बोटवाला त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरत म्हणाला. "म्हटलं, भिंगरीला सायकलवर घेऊन समुद्रापर्यंत जावं. नदीकाठचा रस्ता सगळा सपाट आहे. माझी बोट बंदरात दुरुस्तीला लागलीय, ती आतून दाखवतो तिला."

"सायकलवर? समुद्रापर्यंत?" बाई म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, तिला लांबचं नीट दिसायचं. "मुलगी आहे ती, पार्सल नाही."

"अगं, रोज थोडं थोडं. सकाळचं निघायचं, ऊन व्हायच्या आत थांबायचं. वाटेत शाळा आहेत, धर्मशाळा आहेत, माझ्या बोटीवरच्या आचाऱ्याची बहीण आहे. मी सगळं बघून ठेवलंय."

आणि खरंच बघून ठेवलं होतं मेल्याने. गादीवाल्यांना वाटलं होतं, हा उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, दोन दिवसांत विसरेल. पण नाही. एक अख्खा दिवस तो मोटारीने जाऊन रस्ता बघून आला होता. पाणी कुठे मिळतं, सावली कुठे आहे, पुलावर ट्रकची गर्दी किती वाजता असते, पोरीला कंटाळा आला तर परत यायला बस कुठून मिळते, सगळं. दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, पोरीसाठी हेल्मेट. हेल्मेटही तिच्या आवडत्या पिवळ्या रंगाचं. तो पिवळा रंग त्याला कोणी सांगितला? भिंगरीनेच. म्हणजे बापलेकीचं आधीच शिजलं होतं.

भिंगरी टेबलावर चढून नकाशावरच्या निळ्या रेघेवरून बोट फिरवत होती. "काका, बघा ना! इथून, इथून, इथून, धप्प! समुद्र!"

"बघितला," गादीवाले म्हणाले.

त्यांना पोटशूळ उठला, सरळ सांगायचं तर. ती गेली आणि तिला तिकडचंच बरं वाटलं तर? परत आल्यावर हा कॅरिअर, ही गल्ली, हा काथ्याच्या वासाचा काका तिला नको झाला तर? रात्रंदिवस डोक्यात हेच. तोंडावर मात्र म्हणाले, "आमची काही हरकत नाही." मोठे आले हरकत नसणारे!

"एकच अडचण आहे," बोटवाला म्हणाला. "माझ्या सायकलच्या कॅरिअरवर नुसती पट्टी आहे. तिच्यासाठी पाठ असलेली नीट बैठक हवी. बाजारात मिळतात त्या प्लास्टिकच्या, लहान पोरांच्या."

"त्यात काय, काका बनवतील!" भिंगरी म्हणाली. "माझे काका सगळ्यांच्या बैठका बनवतात."

'माझे काका' म्हणाली. पण कोणासाठी, तर त्याच्या सायकलसाठी! गादीवाल्यांना हसावं की रडावं कळेना.

मग सुरू झाली चालढकल. आज काय, तर फोम आला नाही. उद्या काय, तर दाभण मोडली. परवा डॉक्टरच्या खुर्चीची घाई. वर्षानुवर्षं ज्या माणसाने कोणाचं काम एक दिवस लांबवलं नव्हतं, तो आता कारणं शोधत बसला होता, आणि प्रत्येक कारणागणिक त्याला जरा बरं वाटत होतं. बैठक नाही तर सहल नाही. इतकं सोपं. शाळेला आता सुट्टी लागणार होती, पण ती काही रबराची नव्हती. ती संपली की बोटवाला आपल्या बोटीवर आणि पोरगी आपल्या कॅरिअरवर.

भिंगरी रोज शाळेतून आली की दुकानात डोकावायची. "झाली?"

"नाही गं अजून."

आधी ती उड्या मारत विचारायची, मग चालत येऊन, मग दारातूनच. एक दिवस विचारलंच नाही. दप्तर टाकून पायरीवर बसली, गुडघ्यावरची खपली काढत.

संध्याकाळी बाई चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवत म्हणाली, "फोम येत नाहीये की मन होत नाहीये?"

"फोम."

"हं. तुमच्यामागे फोमचा डोंगर दिसतोय मला. लांबचा चष्मा करून देऊ का तुम्हाला?"

गादीवाल्यांनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. "त्याचं बरं आहे गं," ते एकदम भडकून म्हणाले. "वर्षभर कुठे असतो? आला की समुद्र दाखवतो! आम्ही काय दाखवणार, शाळेचं फाटक? मी जळतो त्याच्यावर. झालं समाधान? जळतो!"

"ते मला नकाशा उघडला त्याच दिवशी दिसलं," बाई म्हणाली. "पण पोरीने काय केलंय तुमचं?"

चहा गार झाला तो तसाच पिऊन गादीवाल्यांनी वाळूची पिशवी काढली.

एकदा कामाला हात लावला की मात्र हा माणूस बेइमानी करणारा नव्हता. भिंगरीला फळीवर बसवलं. "सायकलवर बसतेस ना, तशी बस. नेहमीसारखी."

ती बसली. पुढे धरायला काही नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःच्या शर्टाचं टोक पुढे केलं. तिने ते मुठीत धरलं आणि आपोआप स्थिरावली. ती उठल्यावर त्यांनी ठशावरून हात फिरवला. छोटासा ठसा. मग तीन दिवस ते त्या बैठकीत अक्षरशः बुडून गेले. तळाला काथ्या, त्यावर फोमचे दोन थर, वर पिवळं रेक्झिन, कडेला दुहेरी शिवण. पाठीला मऊ उशी, बाजूला हात ठेवायला गोल कडा. इतकी सुंदर वस्तू त्यांनी डॉक्टरच्या खुर्चीतही केली नव्हती. आणि तिच्यावर बसून ती दुसऱ्याच्या मागे जाणार होती. प्रत्येक टाक्याला हे आठवत होतं आणि तरी टाका चुकत नव्हता.

भिंगरीने बैठकीवर बसून बघितलं आणि डोळे मिटले. "एकदम माझीच आहे," ती म्हणाली.

रविवारी गल्लीत चाचणी झाली. बोटवाल्याची सायकल चकचकीत, लांब, सात गिअरची. बैठक कॅरिअरवर घट्ट बसवली, भिंगरी हेल्मेट घालून चढली, बोटवाल्याने पायडल मारलं आणि सायकल दहा पावलं गेली नाही तोच डावीकडे, थेट गटाराच्या कडेला.

"अरे!" बोटवाला पाय टेकवत म्हणाला. पुन्हा निघाला. पुन्हा डावीकडे. हँडल उजवीकडे ओढून ओढून त्याच्या मानेची शीर फुगली. एक चक्कर मारून आला तेव्हा शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

"चाक वाकडं दिसतंय," तो म्हणाला.

"दिसतंय खरं," गादीवाले म्हणाले. आणि मनात? मनात त्यांच्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सात गिअर घे! समुद्रापर्यंत जा!

चाक तपासलं. चाक सरळ. दांडा सरळ. हवा बरोबर. सायकलवाल्याने अर्धा दिवस घालवून हात झटकले. एकटा बोटवाला बसला की सायकल तीरासारखी, भिंगरी बसली की डावीकडे. "नाचता येईना अंगण वाकडं," गादीवाले बायकोला हळूच म्हणाले. बायको हसली नाही.

दुसऱ्या चाचणीच्या वेळी ते दुकानाच्या पायरीवर उभे होते आणि सायकल त्यांच्यापासून दूर जात होती. पाठमोरी. आणि त्यांना दिसलं.

पोरगी डावीकडे झुकून बसली होती. डाव्या मुठीत बोटवाल्याच्या शर्टाचं टोक, डोकं त्याच्या डाव्या कोपराशेजारून बाहेर, उजवा गुडघा आत ओढलेला. अशी का? तर गादीवाले रोज तिला मागे बसवून निघायचे तेव्हा त्यांच्या उजव्या खांद्याला हत्यारांची पिशवी असायची. हातोडी, पक्कड, कात्री, खिळ्यांचा डबा, चांगली वजनदार. ती पिशवी पोरीच्या उजव्या गुडघ्याला लागू नये आणि पुढचा रस्ताही दिसावा म्हणून ती डावीकडे कलून बसायची. पिशवी उजवीकडे, पोरगी डावीकडे, सायकल सरळ. इतकी वर्षं दोघांना कधी कळलंही नव्हतं. आणि 'नेहमीसारखी बस' म्हटल्यावर ती वाळूवर तशीच बसली, आणि वाळूने खरं तेच सांगितलं, आणि या शहाण्याने तो कल जसाच्या तसा बैठकीत शिवून दिला! सरळ बसायचं म्हटलं तरी ती बैठक तिला परत डावीकडे नेत होती.

आता कळल्याबरोबर सांगायला नको? नाही सांगितलं. उलट दिवसभर शीळ घालत होते. पोरगी त्या माणसाच्या मागे बसली तरी बसते कशी, तर माझ्या मागे बसल्यासारखी! बाप असेल तो, पण तिच्या अंगात सवय कोणाची? माझी! या एका गोष्टीवर त्यांनी दुपारचं जेवण दोन घास जास्त घेतलं.

बोटवाला संध्याकाळी येऊन सांगून गेला. "उद्या एकदा बघतो. नाही जमलं तर राहू दे. पोरीला घेऊन धोका पत्करणार नाही मी." बोलला ते शहाणपणाचं बोलला, आणि त्याचाही गादीवाल्यांना रागच आला. निदान बेजबाबदार तरी असावं माणसाने!

तो गेल्यावर भिंगरी दुकानात आली आणि वाळूच्या रिकाम्या पिशवीवर बसली.

"काका, मला बसताच येत नाही."

"कोण म्हणालं?"

"बाबा. रागावला नाही, पण सारखा म्हणतो, सरळ बस, सरळ बस. मी बसते हो. मी खूप बसते. पण होतच नाही माझ्याकडून. माझ्यामुळेच सायकल वाकडी जाते." तिचा खालचा ओठ बाहेर आला. "सगळ्या मुलांना बसता येतं. मलाच नाही."

गादीवाल्यांच्या तोंडात तीन खिळे होते. ते त्यांनी एकेक करून हातावर काढले. एवढा वेळ जी शीळ वाजत होती, ती आता कुठल्या कुठे गेली होती. हा आनंद ते कोणाच्या जिवावर करत होते? या एवढ्याशा जिवाच्या! ज्याच्यावर जळायचं तो तर आरामात घरी निघाला होता. चटका बसला होता तो हिला.

ते उठले, चपला घातल्या आणि बोटवाल्याला अर्ध्या रस्त्यात गाठलं.

"चूक तिची नाही," ते धापा टाकत म्हणाले. "चाकाचीही नाही. माझ्या पिशवीची आहे." आणि सगळं सांगितलं. पिशवी, गुडघा, वाळू, सगळं. सकाळीच कळलं होतं, हेसुद्धा.

बोटवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे रोज बसते ती तुमच्या मागे. रोज."

"शाळेच्या दिवशी."

"माझ्या मागे ती आत्ता पहिल्यांदाच बसली," बोटवाला म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की गादीवाल्यांना तो ओळखीचा वाटला. हजामत करताना आरशात रोज तोच बघत होते ते. म्हणजे हाही जळतो! आपल्यावर! काथ्या पिंजणाऱ्या माणसावर! मनाला गारवा वाटायला हवा होता. वाटलाही थोडा, खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बैठक उसवली. स्वतःचीच दुहेरी शिवण दाताने तोडली. मग फळीवर पुन्हा वाळू ठेवली आणि भिंगरीला बसवलं.

"आता शर्ट नाही धरायचा. दोन्ही हात बैठकीच्या कडांवर. मान मधोमध."

"पण मग पुढचं दिसत नाही."

"बाजूचं बघायचं. नदी बाजूलाच असते."

ती बसायची आणि हळूहळू डावीकडे कलायची. ते तिचे खांदे धरून सरळ करायचे. पुन्हा कलायची, पुन्हा सरळ. आपल्याच हाताने पोरीच्या अंगातून आपल्याला काढून टाकायचं म्हणजे काय काम आहे हो हे! असलं काम कोणत्या गिऱ्हाइकाने सांगितलं असतं तर त्यांनी त्याला दारातून हाकललं असतं. पण दिवसभर ते तेच करत बसले, आणि दिवेलागणीला वाळूत ठसा उमटला तो अगदी मधोमध होता. दोन्ही बाजू सारख्या.

"जमलं मला!" भिंगरी ओरडली.

"जमलं," गादीवाले म्हणाले आणि पिशवी उचलायला वाकले ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

सहल झाली. सकाळी लवकर निघाले, बाईने डबे दिले, गादीवाल्यांनी बैठकीचे नट दोनदा आवळले. सायकल गल्लीच्या टोकापर्यंत सरळ गेली. वळणावर तरी एकदा कलेल, असं त्यांना वाटत होतं. कलली नाही.

त्या दिवसांत गादीवाले रिकामी सायकल घेऊन कामाला जायचे तर पिशवीच्या वजनाने ती उजवीकडे ओढायची. शेवटी पिशवी कॅरिअरवर बांधली. बाई म्हणाली, "तिथे पोरीच्या जागी हातोडी बसवलीत?"

भिंगरी परत आली ती काळी होऊन, नाकाची सालं निघालेली, आणि तोंडाचा पट्टा थांबायला तयार नाही. बाबाने असं केलं, बाबाने तसं केलं. बोटीचं इंजिन आपल्या घराएवढं. आचाऱ्याच्या बहिणीची मांजर. एकदा पंक्चर झालं तेव्हा बाबा गाणं म्हणत बसला. गादीवाले ऐकत होते आणि 'हो का, हो का' करत होते. "आणि बैठक इतकी भारी होती काका! बाबा म्हणाला, तुझ्या काकांचा हात म्हणजे हात आहे."

घ्या! कौतुकसुद्धा आलं ते त्याच्या तोंडून.

शाळा उघडली. सकाळी गादीवाल्यांनी पिशवी कॅरिअरवरून सोडली, खांद्याला लावली, भिंगरीला मागे बसवलं आणि पायडल मारलं. सायकल झपकन उजवीकडे गेली. हातोडी पोरीच्या गुडघ्यावर आपटली, ती "आई गं!" म्हणाली, आणि दोघं भिंतीवर जाता जाता वाचले.

गादीवाल्यांनी पाय टेकवून मागे बघितलं. पोरगी ताठ बसली होती. मान मधोमध, दोन्ही हात कॅरिअरच्या कडांवर.

"अगं, वाकडी बस की!"

"तुम्हीच सांगितलंत," भिंगरी गुडघा चोळत म्हणाली. "दिवसभर सांगत होतात. सरळ बस, सरळ बस."

"ते तिकडे. त्यांच्या सायकलवर."

"मग इथे?"

"इथे माझी पिशवी आहे ना. तू सरळ बसलीस तर मी पडतो."

भिंगरीने क्षणभर विचार केला. मग उजवा गुडघा आत घेतला, त्यांच्या शर्टाचं डावं टोक मुठीत धरलं आणि कलली. सायकल निघाली. तिचं डोकं त्यांच्या कोपराशेजारून बाहेर आलं.

"असं?" तिने विचारलं.

सायकल केव्हाच सरळ झाली होती.

"अजून थोडी," गादीवाले म्हणाले.